प्राथमिक वर्गांत भारताचा भूगोल, इतिहास आणि ओळख शिकवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिसरी ते पाचवीच्या वर्गांना परिसर अभ्यास शिकवणारे शिक्षक आणि त्या वयाच्या मुलांचे पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ती महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. शेजारच्या राज्यातील शिक्षकाने उदाहरणे आपल्या नद्यांची आणि आपल्या गावांची घ्यावीत. सर्व उत्तरांमागे एकच आग्रह आहे. या वयात मुलाला देशाविषयी किती माहिती झाली, यापेक्षा 'कोठे?', 'केव्हा?' आणि 'कशावरून?' हे तीन प्रश्न विचारण्याची सवय त्याला किती लागली, याकडे शिक्षकाने अधिक लक्ष द्यावे.

हा विषय कोणत्या इयत्तेत आणि कोणत्या नावाने येतो?

पहिली-दुसरीत त्याचे स्वतंत्र पुस्तक नसते. तो भाषेच्या तासाला, गाण्यांतून आणि परिपाठातून येतो. तिसरी ते पाचवीत त्याचे नाव परिसर अभ्यास असते. महाराष्ट्रात तिसरीचे पुस्तक दीर्घकाळ जिल्हानिहाय राहिले आहे आणि चौथीच्या इतिहासाचा गाभा शिवछत्रपतींचे चरित्र हा आहे. सहावीपासून इतिहास व नागरिकशास्त्र आणि भूगोल हे विषय वेगळे होतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तिसरी ते पाचवी हा एक स्वतंत्र टप्पा मानला आहे.

'जवळून दूर' हे सूत्र पाळलेच पाहिजे का? आधी घर, मग गाव, मग तालुका, जिल्हा, राज्य आणि शेवटी देश?

सूत्र उपयुक्त आहे, परंतु त्याचा अर्थ अनेकदा फार संकुचित घेतला जातो. गाव पूर्ण झाल्याशिवाय तालुका नाही आणि तालुका पूर्ण झाल्याशिवाय जिल्हा नाही, अशी पायऱ्यांची शिडी मुलाच्या मनात नसते. आठ वर्षांच्या मुलाला तहसील कार्यालयापेक्षा हिमालयातील बर्फाचे कुतूहल अधिक असते आणि ते स्वाभाविकच आहे. 'जवळून दूर' याचा खरा अर्थ असा, की दूरची गोष्ट सांगताना तिचे एक टोक मुलाच्या हाताला लागले पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. कर्कवृत्त ही नकाशावरची एक तुटक रेषा आहे आणि ती गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंड, पश्चिम बंगाल, त्रिपुरा आणि मिझोराम या आठ राज्यांतून जाते, हे पाठ करून घेणे सोपे आहे. परंतु मुलाला त्यातून काहीही दिसत नाही. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून आपल्याकडे वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैमध्ये किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. दिल्लीच्या मुलांना हा शून्य सावलीचा दिवस कधीच पाहायला मिळत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. शाळेच्या मैदानात रोवलेल्या एका काठीची सावली आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, खडूने आखून ठेवली, तर वर्षाच्या शेवटी मुलांकडे त्यांनी स्वतः जमवलेला पुरावा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये ढग असतात आणि मे महिन्यात शाळा बंद असते ही अडचण खरी आहे. तरीही मार्च-एप्रिलमध्ये दुपारची सावली आखूड होत जाताना मुले पाहू शकतात, आणि मे महिन्यातील निरीक्षण घरी करता येते. ज्या मुलाने हे केले, त्याला ती तुटक रेषा कोठून जाते हे पाचवीत पुन्हा सांगावे लागत नाही.

नकाशा शिकवण्याची सुरुवात कशी करावी?

भारताच्या नकाशाने करू नये. नकाशा म्हणजे वरून पाहिलेली, लहान केलेली आणि खुणांनी दाखवलेली जागा. या तिन्ही कल्पना मुलासाठी नवीन असतात आणि त्या एकाच दिवशी त्याच्यापुढे ठेवल्या, तर एकही नीट पोहोचत नाही.

पहिली कल्पना वरून पाहण्याची. बाकावर जेवणाचा डबा ठेवावा आणि तो समोरून जसा दिसतो तसा काढायला सांगावा. मग बाकाजवळ उभे राहून वरून जसा दिसतो तसा. पहिल्या चित्रात डब्याला कडी असते, दुसऱ्यात फक्त गोल असतो. या गोलाला डबा म्हणायला काही मुले ठाम नकार देतात. तो नकार मोडून काढण्याची घाई करू नये, कारण नेमक्या त्याच जागी नकाशाची कल्पना जन्म घेत असते. त्यानंतर वर्गाचा आराखडा, मग शाळेचा, मग शाळेपासून घरापर्यंतचा रस्ता असे क्रमाने जावे.

दुसरी कल्पना प्रमाणाची. तिच्यासाठी पावले पुरेशी आहेत. दहा पावलांसाठी कागदावर एक चौकट, एवढा करार केला की तिसरीतील मूल मैदानाचा आराखडा काढू शकते. खुणांविषयी फार सांगावे लागत नाही. विहिरीसाठी, पिंपळासाठी आणि पाराच्या ओट्यासाठी मुले स्वतःच खुणा ठरवतात, आणि निरनिराळ्या गटांनी निरनिराळ्या खुणा ठरवल्या की सूची कशासाठी लागते हेही त्यांना आपोआप कळते.

दिशांबाबत मात्र एक जुनी चूक टाळावी. नकाशा कायम भिंतीवर टांगलेला असल्यामुळे उत्तर म्हणजे 'वर' आणि दक्षिण म्हणजे 'खाली' अशी समजूत घट्ट बसते. मग दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहणारी नदी डोंगर चढून जाते की काय, असा प्रश्न पाचवीतील हुशार मूलही विचारते. यावर उपाय साधा आहे. नकाशा भिंतीवरून काढून जमिनीवर पसरावा, त्याची उत्तर खऱ्या उत्तरेला जुळवावी आणि मुलांना त्याच्याभोवती बसवावे. शक्य असेल तर मैदानात चुन्याने मोठा नकाशा आखून मुलांना त्यावर चालू द्यावे. सूर्य उगवतो ती पूर्व, हे ठोकळ मानाने बरोबर आहे. पण बरोबर पूर्वेला तो वर्षातून दोनदाच, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या सुमारास, उगवतो. उरलेले वर्षभर तो उत्तरेला किंवा दक्षिणेला थोडा सरकलेला असतो. समोरच्या टेकडीवरचे एखादे झाड खूण म्हणून धरून मुलांनी हे सरकणे वर्षभर टिपावे.

वर्गात भारताचा कोणता नकाशा वापरावा?

भारतीय सर्वेक्षण विभागाने प्रसिद्ध केलेला, किंवा त्याच्याशी जुळणारा. १७६७ मध्ये स्थापन झालेला हा विभाग देशाचा अधिकृत नकाशाकार आहे, आणि देशाच्या बाह्य सीमा चुकीच्या दाखवणारा नकाशा प्रसिद्ध करणे हा आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे. इंटरनेटवरून उतरवलेल्या अनेक नकाशांत जम्मू-काश्मीर, लडाख आणि अरुणाचल प्रदेश यांच्या सीमा वेगळ्या असतात. प्रदर्शनाचा तक्ता किंवा शाळेचे वार्षिक छापताना ही काळजी घ्यावी.

भिंतीवरचा नकाशा जुना असेल, तर तो टाकून देऊ नये. नव्या नकाशाशेजारी लावून फरक शोधायला सांगावा. तेलंगणा २ जून २०१४ रोजी वेगळा झाला, ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी जम्मू-काश्मीर आणि लडाख हे दोन केंद्रशासित प्रदेश झाले, आणि २६ जानेवारी २०२० पासून दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव एकत्र आले. म्हणून आज २८ राज्ये आणि ८ केंद्रशासित प्रदेश आहेत. महाराष्ट्राचेही तसेच आहे. १ मे १९६० रोजी राज्य झाले तेव्हा २६ जिल्हे होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला आणि ते ३६ झाले. नकाशा माणसे ठरवतात आणि तो बदलतो, हे मुलाला असे दोन नकाशे शेजारी ठेवल्यावर जेवढे कळते तेवढे व्याख्येने कळत नाही.

राज्ये, राजधान्या, नद्यांची लांबी हे पाठ करून घ्यावे की नाही?

थोडे घ्यावे. पाठांतराला सरसकट वाईट ठरवण्याची सध्या प्रथा आहे आणि ती मला पटत नाही. राज्यांची नावे आणि त्यांच्या जागा ओळखता येणे ही पुढच्या सगळ्या शिक्षणाची खुंटी आहे. ती नसेल तर पाचवीनंतर ऐकलेली प्रत्येक गोष्ट हवेत राहते. आकड्यांविषयी मात्र हात आखडता घ्यावा. भारताच्या किनारपट्टीची लांबी ७,५१६.६ किलोमीटर म्हणून कित्येक पिढ्यांनी पाठ केली. नव्याने, अधिक बारकाईने मोजणी झाल्यावर सरकारने ती ११,०९८.८ किलोमीटर सांगितली. समुद्र तोच आणि जमीनही तीच. मोजपट्टी लहान घेतली की प्रत्येक खाडी आणि प्रत्येक वळण हिशेबात येते आणि लांबी वाढते. जाड दोरीने आणि बारीक दोऱ्याने नकाशावरचा कोकण किनारा मोजून चौथीतील मुले हे स्वतः पडताळू शकतात.

नदीचा पाठ नेहमी रटाळ होतो. तो कसा घ्यावा?

एकच नदी घ्यावी आणि एकच प्रश्न. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते. तेथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर आहे. तरीही ती त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटरचा प्रवास करते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. का? हा प्रश्न फळ्यावर लिहून शिक्षकाने आठवडाभर उत्तर देऊ नये. मुले विलक्षण उत्तरे देतात. सगळी लिहून घ्यावीत. मग ओल्या वाळूचा एक लांबट ढीग करावा, ज्याची एक बाजू उभी आणि दुसरी लांबवर उतरत गेलेली असेल. माथ्याच्या किंचित अलीकडे आणि किंचित पलीकडे झारीने पाणी सोडले की सह्याद्री काय काम करतो ते दिसते. उभ्या बाजूने पाणी धावत खाली येते, त्या आपल्या कोकणातल्या आखूड, वेगवान नद्या. दुसऱ्या बाजूने ते सावकाश पसरत जाते, त्या गोदावरी, भीमा आणि कृष्णा.

यानंतर नदीकाठची गावे सांगावीत. नाशिक, पैठण, नांदेड आणि पुढे आंध्र प्रदेशातील राजमहेंद्री ही नावे एकाच दोऱ्यात ओवली जातात. पैठणला सातवाहनांची राजधानी होती, पैठणजवळ जायकवाडीचे धरण आहे आणि नांदेडला गुरू गोविंदसिंगांचे अखेरचे वास्तव्य होते. म्हणजे भूगोलाचा तास कधी इतिहासाचा झाला हे मुलांच्या लक्षातही येत नाही. तापी आणि नर्मदा मात्र पश्चिमेकडे का वाहतात, असा प्रश्न कोणी विचारलाच तर त्या मुलाची पाठ थोपटावी आणि खचदरीचे, म्हणजे जमीन खचून झालेल्या दरीचे, उत्तर पुढच्या इयत्तेसाठी राखून ठेवावे.

लहान मुलांना काळाचे भान नसते. इसवी सन, शतक हे त्यांना कसे कळणार?

शब्दांनी फारसे कळत नाही, दोरीने कळते. एक सेंटिमीटर म्हणजे एक वर्ष असे ठरवून एक लांब दोरी घ्यावी आणि 'आज'पासून मागे गाठी मारत जावे. नऊ वर्षांच्या मुलाचे सगळे आयुष्य ९ सेंटिमीटरचे, म्हणजे त्याच्या तळहातात मावणारे. आजीचे ६५-७० सेंटिमीटरचे. महाराष्ट्र राज्याची गाठ साधारण आजीच्या आसपास येते आणि स्वातंत्र्याची तिच्या थोडी पलीकडे, ८० सेंटिमीटरच्या सुमारास. ६ जून १६७४ रोजी रायगडावर झालेला राज्याभिषेक साडेतीन मीटरवर. येथपर्यंत दोरी वर्गात मावते. अजिंठ्यातील सर्वांत जुन्या लेण्यांसाठी सुमारे २१-२२ मीटर दोरी लागते आणि मुलांना व्हरांड्यात जावे लागते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला उत्खननात ज्यांची घरे सापडली, ते शेतकरी २७ ते ३६ मीटरांच्या पट्ट्यात राहत होते. सिंधू संस्कृतीची नगरे ४६ मीटरांच्या आसपास बहरू लागली. तोवर दोरीचे टोक मैदानात पोहोचलेले असते.

हा प्रयोग एकदा केल्यावर पुढे प्रत्येक पाठात 'हे दोरीवर कोठे?' एवढाच प्रश्न पुरतो. 'फार वर्षांपूर्वी' या शब्दांत मुले रामायण, शिवकाल आणि आजोबांचे बालपण एकाच पोत्यात भरतात. दोरी ते पोते उघडते. मात्र सनावळीची परीक्षा या वयात घेऊ नये. आधी काय आणि नंतर काय, किती आधी आणि किती नंतर, एवढे पुरे.

शिवचरित्र सांगताना आख्यायिका आणि इतिहास वेगळे करावेत का? मुलांचा रस कमी होणार नाही का?

हा प्रश्न शिक्षक थोडे चाचरत विचारतात, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

गोष्ट सांगावी, रंगवून सांगावी, पोवाडाही ऐकवावा. नऊ वर्षांचे मूल इतिहासात गोष्टीच्याच दाराने शिरते. परंतु गोष्ट संपल्यावर एक प्रश्न विचारण्याची पद्धत ठेवावी : हे आपल्याला कशावरून कळले? रायगडावर हिरकणी बुरूज आहे. तो आपण पाहू शकतो, हात लावू शकतो. तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरून गेलेल्या गवळणीची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. बुरूज हा एका प्रकारचा पुरावा आणि लोकांच्या तोंडी राहिलेली गोष्ट हा दुसऱ्या प्रकारचा. दुसऱ्यातून घटनेविषयी जितके कळते, त्याहून अधिक ती गोष्ट जपणाऱ्या लोकांना काय मोलाचे वाटत होते हे कळते. सिंहगडावर तानाजी मालुसरे लढता लढता पडले, हा इतिहास आहे. घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची कथा लोकपरंपरेतून आली आहे. असे सांगितल्याने तानाजींचे शौर्य तसूभरही कमी होत नाही. माझा अनुभव तर असा, की 'हे खरे कशावरून?' ही परवानगी मिळाली की मुले अधिक कान देऊन ऐकतात.

दुसरी गोष्ट तपशिलाची. चरित्र लढायांपुरते राहू नये. गडावर पाणी कोठून येत असे, धान्य कोठे साठवत, राज्यकारभारात फारसी शब्दांऐवजी मराठी-संस्कृत शब्द आणण्यासाठी राज्यव्यवहारकोश का करवून घेतला, समुद्रात सिंधुदुर्ग का बांधला, या प्रश्नांत भूगोल आणि राज्यकारभार दोन्ही येतात. २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत आणि बारावा, जिंजी, तमिळनाडूत आहे. मराठ्यांचा किल्ला इतक्या दूर कसा, हा प्रश्न मुलांकडूनच येऊ द्यावा.

तिसरी गोष्ट भाषेची. शत्रू म्हणून ज्यांचा उल्लेख येतो ते सतराव्या शतकातील राजे आणि सरदार होते. शेजारच्या बाकावर बसलेल्या मुलाचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही, हे शिक्षकाच्या शब्दांतून आणि आवाजातून स्पष्ट झाले पाहिजे. 'आदिलशाही सैन्य', 'मुघल फौज' असे नेमके शब्द वापरावेत. महाराजांच्या सेवेत अनेक धर्मांची आणि जातींची माणसे होती, दौलतखान आरमारात होते, हेही याच ओघात येते.

अस्पृश्यता, फाळणी यांसारखे कठीण विषय या वयात काढावेत का?

काढावेत, परंतु मोजक्या शब्दांत आणि मुलाला समजेल अशा एका प्रसंगातून. पाणी पिण्याचा हक्क दहा वर्षांच्या मुलाला पूर्ण कळतो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि हजारो लोकांनी पाणी प्यायले, यासाठी त्यांना सत्याग्रह का करावा लागला, आणि पुढे संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता कशी नष्ट केली, एवढे पुरे. १८४८ मध्ये पुण्यातील भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, हे सांगताना वर्गातील मुलींची संख्या मोजायला लावावी. एरवी तो प्रसंग ३ जानेवारीच्या भाषणापुरता उरतो.

फाळणीच्या हिंसेची वर्णने या वयात टाळावीत. 'राष्ट्रगीतात सिंध आहे, मग नकाशात कोठे आहे?' असा प्रश्न मात्र हमखास येतो. त्याचे उत्तर द्यावे. सिंध आज पाकिस्तानात आहे. १९४७ नंतर तेथून आलेल्या निर्वासितांनी कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या जागेत नव्याने संसार उभे केले आणि त्या वस्तीचे पुढे उल्हासनगर झाले.

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी यांत मुलांचा गोंधळ होतो. काय करावे?

एका दिवशी इंग्रजांची सत्ता संपली आणि दुसऱ्या दिवशी आपण स्वतः केलेले नियम लागू झाले, असे साध्या शब्दांत सांगावे. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारले गेले आणि २६ जानेवारी १९५० पासून लागू झाले. वर्गाचे नियम मुलांनीच चर्चा करून ठरवले आणि ते पाळले-मोडले, तर संविधान हा शब्द निव्वळ तक्त्यावरचा राहत नाही.

मराठवाड्यात एक जास्तीचा प्रश्न येतो आणि तो मोलाचा आहे. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला, मग आपल्याकडे १७ सप्टेंबरलाही झेंडावंदन का? त्या वेळी मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या संस्थानात होता आणि ते संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात सामील झाले. गोवा तर १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. कोल्हापूरसारखी संस्थाने १९४९ मध्ये तेव्हाच्या मुंबई प्रांतात विलीन झाली. देश एका रात्रीत तयार झालेला नाही, तो जोडत जोडत उभा राहिला, हे महाराष्ट्रातील मुलांना स्वतःच्या आजोळच्या गावावरून दाखवता येते. ज्या घरांत त्या काळाच्या आठवणी अजून सांगितल्या जातात, तेथून त्या लिहून आणण्याचा गृहपाठ यंदाच द्यावा. ज्यांनी तो काळ पाहिला, ती माणसे आता फार थोडी उरली आहेत.

परिपाठात रोज राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञा होते. त्यांचा अर्थ शिकवावा का?

अवश्य. राष्ट्रगीत म्हणायला सुमारे ५२ सेकंद लागतात आणि तेवढ्यात भूगोलाचा एक सबंध पाठ असतो. द्राविड, उत्कल, बंग म्हणजे आजचे कोणते प्रदेश, विंध्य आणि हिमाचल कोठे, यमुना आणि गंगा कोठून कोठे जातात आणि 'जलधि' म्हणजे काय, हे जमिनीवर पसरलेल्या नकाशावर बोट ठेवत एकदा केले, की मुलांचे उच्चारही सुधारतात. प्रतिज्ञा मूळ तेलुगू भाषेत पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये लिहिली. ती तेलुगूत लिहिली गेली, हेच मुलांना नवे असते. 'विविधतेने नटलेल्या परंपरा' या शब्दांचा अर्थ चौथीच्या वर्गात विचारून पाहावा. उत्तरे ऐकून शिक्षकाला पुढच्या महिन्याचे नियोजन आपोआप सुचेल.

राष्ट्रध्वजाविषयी ३:२ हे प्रमाण, चक्रातील २४ आरे आणि २२ जुलै १९४७ ही स्वीकृतीची तारीख एवढे सांगावे. कार्यक्रमानंतर कागदी झेंडे गोळा करण्याची जबाबदारी मुलांकडेच द्यावी.

हिंदी ही राष्ट्रभाषा आणि हॉकी हा राष्ट्रीय खेळ असे शिकवावे ना?

नाही. संविधानाने कोणत्याही भाषेला राष्ट्रभाषा म्हटलेले नाही. देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे आणि आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. हॉकीलाही राष्ट्रीय खेळ म्हणून अधिकृत दर्जा नाही. अनेक सामान्यज्ञानाच्या पुस्तिकांत हे अजूनही चुकीचे छापले जाते.

मुलाने स्वतःला आधी मराठी म्हणावे की भारतीय?

मुलाला हा प्रश्न पडत नाही. तो मोठ्यांचा आहे. मूल एकाच वेळी कोणाची तरी नात असते, चौथी 'ब'ची विद्यार्थिनी असते, वाडीतली असते आणि भारतीयही असते, आणि यांतली एक ओळख दुसरीला ढकलून बसत नाही. शिक्षकाला करण्यासारखे काम वेगळे आहे : आपल्या मातीतून बाहेर जाणारे धागे दाखवणे. संत नामदेवांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि पंजाबात घुमान येथे त्यांचे स्मारक आहे. दूर तमिळनाडूत तंजावरला भोसल्यांनी राज्य केले आणि तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते व मोडी कागद जपले आहेत. उलट दिशेचे धागेही तितकेच सांगावेत; नांदेडचा गुरुद्वारा हा शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे. आपल्या गावाच्या नावात 'बुद्रुक' किंवा 'खुर्द' असेल, तर त्या शब्दांचे मूळ फारसीत आहे आणि अर्थ 'मोठे' व 'लहान' असा आहे. एवढ्याशा पाटीतही केवढा प्रवास असतो!

वर्गातील काही मुलांची मातृभाषा मराठी नाही, काही स्थलांतरित कुटुंबांतील आहेत. त्यांना हा 'आपला' इतिहास कसा वाटावा?

'आपला' हा शब्द जपून वापरावा. ऊसतोडीसाठी दर हंगामात गाव सोडणाऱ्या कुटुंबातील मुलाला 'माझे गाव' या विषयावर निबंध लिहायला सांगितला, तर तो कोणत्या गावावर लिहिणार? त्याला 'मी पाहिलेले रस्ते' हा विषय द्यावा. वर्गातील सर्वांत चांगला नकाशा बहुधा त्याच्याकडून येतो, कारण त्याने बीडपासून कोल्हापूरपर्यंतची वाट ट्रॅक्टरमधून खरोखर पाहिलेली असते. गोंडी, कोरकू, भिली किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलांकडून नदी, डोंगर, पाऊस, घर यांसाठीचे शब्द घेऊन तक्ता करावा आणि तो वर्षभर भिंतीवर ठेवावा. बिहार किंवा उत्तर प्रदेशातून आलेले मूल वर्गात असेल, तर त्याच्या गावाकडे जाणाऱ्या गाडीला लागणारे तास आणि वाटेतील राज्ये सगळ्यांनी मिळून शोधावीत. एक पथ्य पाळावे. कोणत्याही मुलाला त्याच्या जातीचा किंवा धर्माचा प्रतिनिधी म्हणून उभे करू नये.

गावात काहीच ऐतिहासिक नाही. सहलीसाठी पैसेही नाहीत.

असे गाव महाराष्ट्रात सापडणे कठीण आहे. देवळामागे पडलेली वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरलेला दगड), जुनी बारव, मशिदीवरचा किंवा दीपमाळेवरचा लेख, बाजारपेठेतील जुन्या दुकानाची पाटी, पोस्टाची इमारत यांपैकी काहीतरी असतेच. वीरगळीवरचे शिल्प खालून वर 'वाचायचे' असते : खाली लढाई, मधे वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर देवाची पूजा. हे कळल्यावर मुले तो दगड धुऊन काढतात. त्यांना पाणी आणि मऊ कापड द्यावे. शेंदूर, रंग किंवा खडू लावू देऊ नये.

शाळा स्वतःच एक साधन आहे. जुन्या शाळांच्या जनरल रजिस्टरमध्ये शंभर वर्षांपूर्वीची नावे असतात. त्यात जात आणि इतर खाजगी नोंदीही असल्यामुळे ते मुलांच्या हाती देऊ नये. शिक्षकाने त्यातून प्रत्येक दशकातील मुलगे-मुलींची संख्या काढून फळ्यावर मांडावी. गणिताचा तासही त्यातच होतो.

मूल्यमापन कसे करावे?

रिकाम्या जागा भरण्याऐवजी कृती द्यावी : अनोळखी आराखडा वाचून एखादी वस्तू शोधणे, चार चित्रे काळाच्या क्रमाने लावणे, एका वस्तूविषयी तीन प्रश्न लिहिणे. आकारिक मूल्यमापनात याला पुरेशी जागा आहे. प्रश्नांना गुण देणे पालकांना सुरुवातीला विचित्र वाटते. पहिल्या पालकसभेत मुलांचे प्रश्नच वाचून दाखवावेत.

घरी पालकांनी काय करावे?

प्रवासात मोबाईलवरील नकाशाबरोबर एक कागदी नकाशाही मुलाच्या हाती द्यावा आणि पुढचे वळण त्याला सांगू द्यावे. घरातील एखादी जुनी वस्तू, म्हणजे पितळी अडकित्ता, रेशनकार्ड किंवा लग्नपत्रिका, काढून ती कोणाची आणि कधीची हे सांगावे. आणि मुलाने 'कशावरून?' विचारले, तर 'मला माहीत नाही, शोधू या' असे म्हणण्यास संकोच करू नये. पंचांग, सातबारा, मामाचा फोन यांपैकी कोठे तरी उत्तर असते.